जागा सोड

शेषराव बुरघाटे वकिलांचे
एकशे चौदा ठराव मी टंकले,
वाढोण्याच्या कोर्टापुढं, कडुनिंबाखाली.
टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली वीट. ती अजून आहे.

ते चालता चालता सांगायचे.
निंबाला फेरी मारून परत येईतो
वाक्य पुरं झालेलं असायचं.
"ही नगरपरिषद दोन्ही सरकारांस विनंती करते की..."
मी थांबायचो.
"साहेब, नगरपरिषद? आपली?
आपल्याच्यानं तं नाली साफ होत नाही."
"नालीचा ठराव दुसऱ्या पानावर घे."

युद्धाचं वर्ष. खिडक्यांना काळे कागद,
शाळेतली पोरं घसा फोडत गावभर फिरलेली.
सभागृहात सतरा हात एकीकडं,
दुसरीकडं एकच,
मनगटावर बंद पडलेलं घड्याळ.
बाहेर आले तर कुणीतरी शेण मारलं.
कोटावरचं शेण त्यांनी वाळू दिलं,
मग नखानं खरवडलं.
"ओलं पुसलं का डाग पसरते, लांजेवार."

अठ्ठावीस दिवस जेलात होते.
तिथून मला कार्ड:
तुमची मजुरी चार रुपये बाकी, घरून घेणे.

स्वीडनहून पत्रं यायची त्यांना.
तिकडचा कोणी म्हातारा वकील,
असाच शांततेचे ठराव मांडणारा, असाच हरलेला.
ना त्याची भाषा यांना, ना यांची त्याला;
एस्पेरांतो नावाच्या तिसऱ्याच बोलीत दोघं
एकमेकांच्या पराभवाची खुशाली विचारत.
तिकिटं माझ्या पोरीला मिळायची.
हिरामण न्हाव्यालाही ती बोली शिकवायला घेतली,
दाढी होईतो रोज पाच शब्द.
हिरामणला आता एकच आठवतो, 'पात्सो'.
म्हणजे शांतता.
वस्तरा थांबवून सांगतो.

डेपो नदीपल्याड.
दुपारी जुना दारूगोळा फोडत
तेव्हा घरोघरी कपबश्या वाजायच्या.
तिथल्या हमालांचा खटला यांनीच घेतला:
पेटी वाहणाऱ्याला रोजी किती,
बोट गेलं तर किती.
सहा वर्षं नागपूरच्या तारखा,
डबा, फाईल, चुकलेली बस.
जिंकले.

हमाल तुरीचं पोतं घेऊन आले.
त्यात जगन कुमरे, उजव्या हाताला तीन बोटं.
म्हणाला,
"वकीलसाहेब, तुमचं आयकलं सगळ्यायनं,
अन् लढाया झाल्या बंद,
तं आमी खावाचं काय?"

निंबाखाली कोणी बोललं नाही.
साहेबांनी दोन फेऱ्या मारल्या.
तिसरी अर्धी राहिली.
"लांजेवार, लिही. कुमरे यांचा प्रश्न."
मी कागद चढवला, टंकला.
"पुढं?"
"पुढं जागा सोड."

विधानसभेला उभे राहिले, डिपॉझिट गेलं.
हमालांच्या वस्तीतून मतं नऊ.
मला राग आला, त्यांना आनंद.
"मागच्या खेपेले चार होती!"

गेले तेव्हा नगरपरिषदेनं दुखवटा मांडला.
एकमतानं मंजूर.
तोही मीच टंकला,
अन् सवयीनं हात 'नामंजूर'वर गेला.
कागद बदलावा लागला.

आता मशीन बंद आहे.
मी स्टॅम्प विकतो, लोकांचे फॉर्म भरतो.
खोक्यात जुने कार्बन पडलेत,
उन्हाला धरले तर
नाली, मजुरी, युद्ध, पुन्हा नाली,
उलटी अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली,
काही लागत नाही.
एकच कार्बन मी दुसऱ्यांदा वापरला नव्हता.
त्यात कुमरेची ओळ आहे,
खाली सगळं निळं, कोरं.

परवा कुमरेचा नातू आला.
डेपोत भरती निघाली आहे म्हणाला.
शिक्षण, वजन, ओळखीची खूण,
सगळं विचारून फॉर्म भरून दिला.
तीस रुपये झाले.
त्यानं पन्नासची नोट दिली,
सुटे शोधायला मी बराच वेळ लावला.